कोर्टाचं खोटं आणि शुभांगीचं घर

वकिलीत खोटं बोलावं लागतं का, हा प्रश्न मला दोन्ही देशांत सारख्याच उत्साहाने विचारला गेला. पुण्यात लग्नाच्या पंगतीत विचारायचे, इथे हॅमिल्टनला मराठी मंडळाच्या गणपतीत, हातात कागदी डिश घेऊन. मी ठरलेलं उत्तर द्यायचे: वकिलाला बोलावं लागत नाही, पण एके काळी कोर्टच बोलायचं. लोक हसायचे आणि मोदकांकडे वळायचे. पुढचं ऐकायला सहसा कोणी थांबायचं नाही. इथे कागदावर तुम्ही पळून जाऊ शकत नाही, म्हणून सांगते.

पुण्यात असताना दिवसा मी शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवायचे आणि संध्याकाळी लॉ कॉलेजात कायद्याचा इतिहास शिकवायचे. दिवसभर नोकरी करून आलेल्या पोरांना तो विषय नको असायचा. फक्त एका तासाला वर्ग जागा व्हायचा. तो तास इंग्लंडच्या जुन्या कोर्टांच्या खोटेपणाचा.

तिथे राजाची तीन कोर्टं होती आणि कामं वाटून दिलेली होती. साध्या उधारीचा दावा एका ठरावीक कोर्टातच करायचा. ते कोर्ट महाग आणि अतिशय संथ. शेजारच्या कोर्टाला मारामारी, दांडगाई असले गुन्हे पाहायचा अधिकार होता, उधारीचा नव्हता. पण एखादा माणूस त्या कोर्टाच्या कोठडीत असेल, तर त्याच्यावर दुसरा कुठलाही दावा तिथेच लावता यायचा. मग वकिलांनी युक्ती काढली. वादीने लिहायचं की या माणसाने मिडलसेक्समध्ये, म्हणजे कोर्ट बसायचं त्या परगण्यात, माझ्या जमिनीत घुसून दांडगाई केली. तो बिचारा उभ्या जन्मात मिडलसेक्सला गेलेला नसायचा. तरी त्याला पकडायचा हुकूम निघायचा. तो सापडला की दांडगाईचं नाव सगळे विसरायचे आणि उधारीचा दावा सुरू व्हायचा. तिसरं कोर्ट राजाच्या खजिन्याचं. तिथे वादी म्हणायचा, मी राजाचं देणं लागतो, हा माझे पैसे देत नाही, म्हणून मी राजाला देऊ शकत नाही. राजाचं नुकसान म्हटल्यावर कोर्टाचे दरवाजे उघडायचे. परदेशात घडलेली गोष्टही ‘लंडनच्या अमुक पेठेत घडली’ असं लिहून टाकत. मग भूमध्य समुद्रातलं एखादं बेटही लंडनच्या पेठेत येऊन बसायचं.

आणि खरी गंमत पुढे. प्रतिवादीला हे खोडून काढायची परवानगीच नव्हती. ‘साहेब, मी मिडलसेक्सला गेलोच नाही’ असं तो म्हणू लागला तर न्यायाधीश ऐकून घेत नसत. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि तरी त्याला हात लावायचा नाही. न्यायाधीशांना दाव्यागणिक फी मिळायची, हेही कारण होतंच, ते मी लपवत नसे. पण पोरांना मी सांगायचे, फीपुरतं बघू नका. ज्याला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्याला आत घ्यायचा तो रस्ता होता.

मग श्रीधरला, माझ्या नवऱ्याला, न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. हॅमिल्टनजवळ ‘ते रापा’ नावाच्या भागात दुधाचा मोठा कारखाना आहे, तिथल्या शीतकरण विभागात तो इंजिनियर होता. मुलगा ऑकलंडला शिकायला गेला आणि शिकून झाल्यावर, इथल्या बहुतेक मुलांसारखा, ऑस्ट्रेलियात. आम्ही दोघंच उरलो, आणि त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात श्रीधर वारला. मी इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या, पन्नाशीच्या तोंडावर, आणि हॅमिल्टनच्या एका छोट्या ऑफिसात कौटुंबिक कायद्याचं काम करू लागले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. काम म्हणजे मृत्युपत्रं, घटस्फोट, मुलांचा ताबा. जॅंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून थेट गोठ्यातून येणारे अशील, ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘एकदम झकास’, म्हणून कुठेही सही करणारे अशील.

त्यात मॉरिन्सव्हिलजवळचा ग्रॅहम म्हणून एक म्हातारा शेतकरी होता. बायको गेलेली, गाई विकलेल्या. तो दर थोड्या दिवसांनी मृत्युपत्र बदलायला यायचा. बदल नेहमी एकच असायचा: आपल्यामागे टिप या कुत्र्याला कोणी सांभाळायचं. कधी पुतण्या, कधी शेजारीण, कधी पुन्हा पुतण्या. मी गंभीरपणे लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे. तो म्हणायचा, विचार करून सही करतो, आणि चहा पिऊन जायचा. टिप मेला होता. आमच्या रिसेप्शनवर हिने नावाची मुलगी होती, तिने मला ते केव्हाच सांगितलं होतं, तिचे नातेवाईक त्याच रस्त्यावर राहायचे. मला माहीत आहे हे ग्रॅहमलाही माहीत असावं. त्या मेलेल्या कुत्र्याच्या नावावर त्याला आठवड्यातला एक तास माणसात बसता येत होतं. आम्ही दोघांनी त्या खोट्याला कधी हात लावला नाही. तो गेला तेव्हा मी त्याच्या अंत्यविधीला गेले होते. आम्ही मोजकीच माणसं होतो.

हे सांगितलं कारण पुढची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे खोटं चालणार नव्हतं.

शुभांगी ‘ते रापा’च्याच कारखान्यात, प्रयोगशाळेत दुधाची पावडर तपासायची. श्रीधरच्या एका जुन्या सहकाऱ्याने तिला माझ्याकडे पाठवलं. मूळची सांगलीची, सासर पुण्याचं. हॅमिल्टनला शिकायला आलेली, मग लग्न होऊन नवऱ्याबरोबर ऑकलंडला, माउंट रॉस्किल या उपनगरात भाड्याच्या घरात. नवरा निखिल आयटीत. एके दिवशी तो प्रोजेक्टसाठी म्हणून पुण्याला गेला आणि परत आलाच नाही. आधी म्हणाला, महिन्याभरात येतो. मग म्हणाला, तू इतक्यात येऊ नकोस. मग फोन त्याची बहीण उचलू लागली. शुभांगीने ते घर सोडलं, जुनी ओळख म्हणून हॅमिल्टनला आली, नोकरी धरली आणि एका बाईंच्या घरामागची खोली घेतली. त्यालाही दोन वर्षांहून जास्त झाली, तेव्हा पुण्याच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस तिच्या हातात पडली. निखिलचं म्हणणं, बायको मला सोडून निघून गेली.

माझ्यासमोर बसून ती रडली नाही. पिशवीतून नोटीस काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मी घर सोडलं नाही, ताई. घरात मी एकटीच उरले होते.”

पुण्याला जाऊन लढायचं तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. शिवाय सांगलीचे आईवडील तडजोड कर, माफी माग, एवढंच म्हणत होते. तिला इथेच दावा करायचा होता. मी विचारलं, तुला नेमकं हवं काय? तिला पोटगी नको होती, सामान नको होतं. ती म्हणाली की कोणीतरी मोठ्या माणसाने, म्हणजे न्यायाधीशाने, आपल्याला समोर बसवून विचारावं की काय झालं. तिने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, पहिल्यापासून.

तेव्हा मला तिला सांगावं लागलं की इथे तसं होत नाही. न्यूझीलंडच्या कायद्यात चूक कोणाची हा प्रश्नच नाही. दोघं दोन वर्षं वेगळे राहिले, संसार पुन्हा जुळणार नाही, एवढं पुरतं. कोण कसं वागलं हे कोर्ट ऐकत नाही. आम्हा वकिलांना ही मोठी सुधारणा वाटते, आणि ती आहेच. पण शुभांगीचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. मग ती म्हणाली, बरं, तसं तर तसं, निदान माझ्या नावाने एक कागद तरी दाखल होऊ दे.

दावा दाखल केला. मला वाटलं, बिनविरोध सुटेल. पण निखिलला घटस्फोट पुण्यातच, तिच्यावर ठपका ठेवून हवा होता, म्हणून त्याने ऑकलंडचा वकील उभा केला आणि वेगळीच हरकत घेतली. इथल्या कोर्टाला घटस्फोट द्यायचा अधिकार केव्हा? तर नवरा किंवा बायको, दोघांतल्या एकाचं तरी कायद्याच्या अर्थाने घर न्यूझीलंड असेल तेव्हा. आमच्या भाषेत अधिवास. नुसतं राहणं नव्हे. राहायचं आणि राहण्याला मनात शेवटची तारीख ठेवायची नाही. निखिल तर परत गेला होता, आणि त्याचं म्हणणं, शुभांगीचंही घर इथे नाहीच. तिने नागरिकत्वासाठी अर्ज केलेला नाही, ती सामानासकट भाड्याने घेतलेल्या खोलीत राहते, स्वतःची एक खुर्चीसुद्धा नाही. सांगलीच्या बँकेत तिचं खातं चालू आहे. आणि निखिलच्या बहिणीला ती फोनवर म्हणाली होती की मला परत यायचंय.

हे शेवटचं खरं होतं. शुभांगीने ते लगेच कबूल केलं. एकदा म्हणाले होते, ताई, खूप ताप होता तेव्हा.

आता सगळा दावा तिच्या मनात काय आहे यावर येऊन थांबला. सुनावणीच्या आधी ती ऑफिसात आली तेव्हा मी सरळ विचारलं, “तुझा इथे राहायचा विचार आहे ना?”

ती म्हणाली, “माहीत नाही.”

मी समजावलं. कायमचं म्हणजे मरेपर्यंत नव्हे, अमुक दिवशी जायचं असं ठरवलेलं नसलं तरी पुरे. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत हा आमचा पहिला नियम, मी तो पाळला. पण त्या दिवशी घरी जाताना मला जुन्या न्यायाधीशांची फार आठवण झाली. त्यांच्यापुढे मी नुसतं लिहिलं असतं, ‘वादी, जिचं घर हॅमिल्टनमध्ये, मिडलसेक्स परगण्यात आहे’, आणि निखिलच्या वकिलाला तोंड उघडू दिलं गेलं नसतं. त्या काळी दारातून आत यायला खोटं पुरायचं. आज या मुलीला खरं बोलावं लागणार होतं, आणि ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

सुनावणी थंडीत झाली. कौटुंबिक कोर्टाची साधी खोली, बाहेरच्या कोणाला प्रवेश नाही. वयस्क न्यायाधीश, आवाज हळू. निखिलचा वकील तरुण आणि सभ्य होता. दुभाषी नको, असं शुभांगीने सांगितलं. इंग्रजी तिचं चांगलं होतं, फक्त सावकाश बोलायची. तिचं बोलणं मी मराठीत देते.

वकिलाने खुर्चीपासून सुरुवात केली. स्वतःचं सामान का घेतलं नाही? ती म्हणाली, खोलीत सामान होतं, दोन खुर्च्या होत्या, बसायला एकच लागते. नागरिकत्व का नाही? कोणी सांगितलं नाही, आणि एकटीने फॉर्म भरायला बसलं की पुढे जात नाही. नणंदेला परत यायचंय असं म्हणालात? हो. का? तेव्हा आजारी होते, कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि फोन त्यांनी उचलला.

वकिलाला यात आपला फायदा दिसला असावा. त्याने कागद बाजूला ठेवले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, मग तुम्ही ‘घर’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात कुठलं घर येतं?

मी माझ्या वहीकडे पाहत राहिले. तिच्याकडे पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं मी काही सुचवतेय.

“आधी सांगलीचं यायचं,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी फोनकार्ड संपत आलं की मी आईला म्हणायचे, येते लवकर. मग आई विचारायची, कधी. आता ती विचारत नाही, आणि मी सांगत नाही. माझी तिथली खोली भावाच्या मुलांना दिली, ते बरोबरच आहे. ड्यूटी संपल्यावर मी ज्या दाराला किल्ली लावते, त्याच्या आत कोणी नसतं. तेच माझं घर आहे. दुसरं नाही. असतं तर मी तिकडे गेले असते.”

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि स्वतःहून एकच प्रश्न विचारला: इथे तुमचं कोणी आहे का? ती म्हणाली, नाही.

निकाल त्यांनी त्याच बैठकीत दिला. त्यातलं एक वाक्य मला आठवतं तसं सांगते. ते म्हणाले की माणूस इथे सुखी असावा अशी कायद्याची अट नाही, त्याने इथे राहायचं ठरवलेलं असावं एवढीच आहे, आणि या बाईंनी ते, स्वतःला न कळता का होईना, ठरवलेलं आहे. कोर्टाला अधिकार आहे. विवाह संपला.

पुण्याचं प्रकरण पुढे मिटलं. निखिलला दुसरं लग्न करायचं होतं, त्यामुळे तिथेही दोघांच्या संमतीचा अर्ज झाला आणि सोडून गेल्याचा आरोप त्याने मागे घेतला. शुभांगी काही वर्षांनी दक्षिण बेटावर, दुधाच्याच दुसऱ्या कारखान्यात, वरच्या जागेवर गेली. तिथे तिने एक छोटं घर घेतलं आहे. आम्ही फोनवर बोलतो, रोज नाही. माझ्या कारकिर्दीतला हा काही मोठा खटला नव्हता, कुठल्या पुस्तकात छापला गेला नाही. मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने केक आणला आणि माझ्या कामाबद्दल दोन शब्द बोलले, त्यातही तो नव्हता. मला मात्र तो आठवतो, निकालापेक्षा त्या दुपारमुळे.

कोर्टातून बाहेर आलो तेव्हा बारीक पाऊस होता. मी तिला कॉफी प्यायला नेलं. कप समोर आला तेव्हा ती म्हणाली, “संपलं म्हणे. आणि काय झालं ते कोणीच विचारलं नाही.”

मी म्हटलं, “मी विचारते. काय झालं?”

तिने सुरुवात केली. इथली कॅफे दुपारीच बंद होतात, हे पुण्याहून आलेल्या माणसाला शेवटपर्यंत पचत नाही. खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर चढू लागल्या, तशा आम्ही उठलो आणि नदीकाठी लावलेल्या माझ्या गाडीत जाऊन बसलो. काचांवर वाफ धरली. ती बोलत राहिली, मनात जुळवून ठेवलेलं सगळं, पहिल्यापासून. माउंट रॉस्किलचं स्वयंपाकघर, निखिलचा अबोला, विमानतळावर त्याने मागे वळून न पाहणं. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. वकील म्हणून मला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं, त्यामुळे मी पहिल्यांदाच तिचं बोलणं नीट ऐकलं. काय कामाचं, काय नाही, हे मनात वेगळं करत बसले नाही.

बोलून झाल्यावर तिने बाहीने काच पुसली. समोर वायकाटो नदी संथ, फुगलेली. मग तिने विचारलं, “तुम्ही का राहिलात इथे, ताई? तुमचं तर तिकडे सगळं होतं.”

याचं माझं ठरलेलं उत्तर होतं: परीक्षा दिल्या होत्या, प्रॅक्टिस जमत होती. मुलालाही मी तेच सांगितलं होतं. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही. मी तिला सांगितलं की श्रीधर गेल्यावर मी अस्थी घेऊन पुण्याला गेले होते. घर माणसांनी भरलं होतं. जावा, भाचे, कोर्टातल्या मैत्रिणी, कोणी मला क्षणभर एकटी सोडत नव्हतं. रात्री उशाशीसुद्धा कोणीतरी असायचं. सगळे मायेने करत होते. आणि मला सारखं वाटत होतं की श्रीधर यांच्यात कुठेच नाही. तो इथे आहे, त्याने मागच्या अंगणात ठोकलेल्या वाकड्या शेडमध्ये, कारखान्याच्या वासाच्या त्याच्या जॅकेटमध्ये, त्या रिकाम्या घरात. तिथे सगळे होते, तो नव्हता. म्हणून मी परत आले.

शुभांगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलंच नाही,” मी म्हटलं. “तू पहिली.”